उंदराच्या पिल्लाच्या रेटिनात (डोळ्याच्या आतल्या पडद्यात) जीन कसा टाकायचा
एथिक्स कमिटीची परवानगी आधी, मग बाकीचं. नुकतंच जन्मलेलं पिल्लू बर्फावर सुन्न करा, मिटलेली पापणी अलगद कापा, डोळ्याला बारीक भोक पाडून रेटिनामागे अर्धा मायक्रोलिटरपेक्षा कमी डीएनए सोडा, त्यात फास्ट ग्रीन हा हिरवा रंग मिसळलेला असू द्या म्हणजे नेमका कुठे गेला ते दिसतं. मग डीएनए पेशींत शिरावा म्हणून डोक्याला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे इलेक्ट्रोड, 80 व्होल्टचे 5 पल्स, प्रत्येकी 50 मिलिसेकंद. लोक इथेच गडबडतात: डीएनए निगेटिव्ह, तो प्लसकडे पळतो, म्हणून प्लस इंजेक्शन दिलेल्या डोळ्याच्या बाजूला, नाहीतर रेटिना कोरीच राहते. नंतर पिल्लू ऊब देऊन आईकडे. आणि हो, या वयात जीन मुख्यतः रॉड पेशींतच (अंधुक प्रकाश टिपणाऱ्या) जातो, गँग्लियन पेशी (मेंदूकडे संदेश नेणाऱ्या) हव्या असतील तर गर्भातच करावं लागतं.