एन्थॅल्पी-एन्ट्रॉपीची सरळ रेषा: रसायनातली की त्रुटीतली, हे कसे तपासाल

एका मालिकेतल्या संयुगांच्या एकाच अभिक्रियेची एन्थॅल्पी (उष्णतेतला बदल) एन्ट्रॉपीसमोर (अव्यवस्थेतला बदल) मांडली की बिंदू सुरेख रेषेत येतात आणि ‘भरपाई परिणाम’, म्हणजे एकीतला बदल दुसरीतल्या बदलाने भरून निघणे, सापडल्याचे जाहीर होते. दोन्ही आकडे एकाच व्हान्ट हॉफ आलेखातून (समतोल स्थिरांकाचा नैसर्गिक लॉग 1/तापमानासमोर) आले असतील, तर त्या रेषेवर आधी संशयच घ्या. एन्थॅल्पी चढावरून मिळते, एन्ट्रॉपी इंटरसेप्टवरून, म्हणजे 1/तापमान शून्य असताना रेषा उभ्या अक्षाला छेदते तिथून. मोजलेले बिंदू त्या शून्यापासून इतके दूर असतात की चढ जरा चुकला तरी इंटरसेप्ट सोबत सरकतो.

हे स्प्रेडशीटमध्ये करून पाहा. एकच काल्पनिक संयुग घ्या: एन्थॅल्पी −20 किलोजूल/मोल, एन्ट्रॉपी −10 जूल/केल्विन/मोल. 288, 298, 308 आणि 318 केल्विनला समतोल स्थिरांकाचा नैसर्गिक लॉग काढा, प्रत्येकात 0.05 प्रमाण विचलनाची यादृच्छिक त्रुटी मिसळा (म्हणजे स्थिरांकात सुमारे 5 टक्के) आणि रेषा बसवा. असे 200 वेळा करा. एन्थॅल्पी सुमारे ±1.7 किलोजूलने हलेल, एन्ट्रॉपी ±5.6 जूलने, आणि दोघींचा सहसंबंध येईल 0.999! संयुग एकच, रसायन काहीच बदललेले नाही. रेषेचा चढ 302.6 केल्विनच्या आसपास येईल. तो चारही तापमानांचा हरात्मक मध्य आहे (1/तापमानाची सरासरी काढून ती उलटी केली की मिळणारा).

म्हणून क्रुग, हंटर आणि ग्रीगर यांनी 1976 मध्ये सुचवलेली मांडणी वापरा: एन्थॅल्पीसमोर एन्ट्रॉपी नको, हरात्मक मध्य तापमानाची मुक्त ऊर्जा (एन्थॅल्पी वजा तापमान गुणिले एन्ट्रॉपी) घ्या. तिथे दोन्हींच्या त्रुटी एकमेकींशी बांधलेल्या नसतात, शिवाय वरच्या उदाहरणात मुक्त ऊर्जेची त्रुटी फक्त 0.06 किलोजूल आहे. मुक्त ऊर्जा उभ्या अक्षावर ठेवा. रेषा आली, तर हरात्मक मध्याला (1 − चढ) ने भागा. ते भरपाई तापमान, म्हणजे एन्थॅल्पी-एन्ट्रॉपी रेषेचा खरा चढ. त्याच्या 95 टक्के विश्वास अंतरालात हरात्मक मध्य सापडला, तर भरपाईचा दावा करू नका.

त्रुटी लहान असली तरी एक सापळा उरतो. मुक्त ऊर्जा समतोल स्थिरांकाच्या लॉगवरून ठरते; सगळे स्थिरांक दहापटीच्या आत असतील, तर तिचा पसारा जेमतेम 5.8 किलोजूल असतो. एन्थॅल्पी 60 किलोजूलभर पसरली की एन्ट्रॉपीला तिच्या मागोमाग जाण्यावाचून गत्यंतर नाही.

कॅलरीमेट्रीने (उष्णता मोजून) एन्थॅल्पी थेट मोजली म्हणूनही सुटका होत नाही. एन्ट्रॉपी एन्थॅल्पीतून मुक्त ऊर्जा वजा करूनच काढतात, त्यामुळे एन्थॅल्पीची चूक तिच्यात जशीच्या तशी उतरते. टायट्रंटची (थेंबाथेंबाने घालायच्या द्रावणाची) सांद्रता चुकली की हेच होते. प्रत्येक तापमानाचे मूळ स्थिरांक त्रुटीसकट तक्त्यात द्या, म्हणजे वाचकाला ही तपासणी स्वतः करता येते.