वाचनकट्ट्याची ऑनलाइन नाताळ पार्टी आणि कोकम

आमच्या वाचनकट्ट्यातले निम्मे पुण्यात, बाकीचे लंडन आणि न्यू जर्सीत. नाताळच्या ऑनलाइन भेटीत प्रत्येकाच्या हातात एकच कॉकटेल असावं, ही हौस. पण दरवेळी कुणाकडे एक जिन्नस नसायचा, कुणी पीतच नसे, आणि बर्फ खडखडवण्यात पुस्तक बाजूला पडायचं.

यंदा वेळ ठरवली पुण्याची रात्री ८.३०. म्हणजे लंडनला दुपारचे ३, न्यू जर्सीत सकाळचे १०. (सकाळी दहाला फेणी? तिकडच्या मंडळींनी खुशीने सोडाच घेतला.)

पेय कोकमाचं ठेवलं. दोन मोठे चमचे कोकम सिरप, अर्ध्या लिंबाचा रस, भरपूर बर्फ, वर सोडा. ग्लासाच्या काठाला लिंबू फिरवून भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ. दारू सगळ्यात शेवटी, ज्याला हवी त्याने: काजू फेणी किंवा जिन, ३० मिली. त्यामुळे न पिणाऱ्याचा ग्लासही तसाच लालभडक दिसतो.

एक सांभाळा. सिरपऐवजी आगळ (कोकमाचा मिठातला घट्ट रस) असेल तर ते खारट असतं. एकच चमचा घ्या, साखरेचा पाक घाला, काठाला मीठ नको. परदेशात दोन्ही मिळालं नाही तर आमसुलं गरम पाण्यात भिजवून कुस्करायची, गाळून साखर घालायची.

झूमचा फुकटचा कॉल ४० मिनिटांनी तुटतो, तेच मध्यंतर केलं. आधी पुस्तक, कॉल तुटला की पेय बनवायचं, मग नव्या लिंकवर गप्पा. पुस्तकावर मनसोक्त भांडण झालं.