चिया पुडिंग बिघडते कुठे? या चुका टाळा

चियाच्या बिया नारळाच्या किंवा बदामाच्या दुधात भिजवून, चूल न पेटवता होणारे, गायी-म्हशीच्या दूध-दह्याशिवायचे चिया पुडिंग सोपे असले, तरी ते बिघडण्याची सुरुवात पुष्कळदा दुकानातच होते. फालुद्यामुळे पुण्यात सब्जा घरोघरी ओळखीचा आहे, आणि मार्केट यार्डाच्या भुसार बाजारातून किंवा रविवार पेठेतून सुट्या बिया घेताना चियाऐवजी सब्जा पिशवीत येऊ शकतो. दोन्ही वनस्पती तुळशीच्याच कुळातल्या असल्या, तरी मूळच्या मेक्सिको-ग्वाटेमालाकडच्या चियाचे बी गुळगुळीत आणि राखाडी-काळ्या नक्षीचे असते, तर सब्जा सरसकट काळा आणि निस्तेज दिसतो. शंका वाटल्यास चमचाभर बिया पाण्यात टाकाव्यात. सब्जा काही मिनिटांतच टपोरा फुगतो आणि त्याचा दाणा न् दाणा सुटा राहतो. चिया सावकाश फुगते आणि सारे मिश्रण दाट करते. सब्ज्याचे सरबत उत्तम होते, पुडिंग मात्र नीट लागत नाही.

सर्वांत जास्त तक्रार गुठळ्यांची असते. बी ओले होताच त्याच्या सालीतून चिकट द्रव सुटतो, शेजारचे दाणे एकमेकांना धरतात आणि गोळ्याच्या आतल्या बिया कोरड्याच राहतात. म्हणून दूध ढवळत असतानाच बिया भुरभुरवाव्यात, पाच मिनिटांनी पुन्हा ढवळावे, आणि पंधरा-वीस मिनिटांनी तळाशी बसलेल्या बिया सोडवून घेत तिसऱ्यांदा ढवळावे. हे तिसरे ढवळणे मी कधीही टाळत नाही. त्यानंतर भांडे झाकून फ्रीजमध्ये निदान चार तास, शक्यतो रात्रभर ठेवावे. सकाळी गुठळ्या दिसल्याच, तर काट्याने भांड्याच्या कडेला दाबून फोडाव्यात, दोन चमचे दूध घालून ढवळावे आणि अर्धा तास थांबावे.

प्रमाण २४० मिलिलिटर दुधाला तीन टेबलस्पून, म्हणजे साधारण ३५ ग्रॅम बियांचे ठेवावे. घरोघरच्या वाट्या आणि चमचे वेगवेगळ्या मापांचे असल्यामुळे एकदा वजन करून घेतलेले बरे. पुडिंग पातळ झाले तर चमचाभर बिया वाढवून तासभर थांबावे, घट्ट झाले तर दूध वाढवावे.

नारळाचे नुसते पहिले दाट दूध वापरू नये, कारण त्यातला स्निग्धांश फ्रीजमध्ये गोठून वर पांढरा थर धरतो. त्यात दुसऱ्यांदा काढलेले पातळ दूध किंवा बदामाचे दूध मिसळावे. घरी काढलेले कोणतेही दूध पुण्याच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात ओट्यावर लवकर नासते, त्यामुळे पुडिंग भिजत ठेवायचे ते फ्रीजमध्येच, आणि दोन दिवसांत संपवायचे. गुळाचे खडे थंड दुधात विरघळत नाहीत. गूळ बारीक किसून किंवा भिजवलेल्या खजुराबरोबर दुधात वाटून, बिया घालण्यापूर्वीच मिसळावा. मध मधमाश्यांकडून येतो, म्हणून तो व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारे काहीच न वापरलेल्या, पदार्थात चालत नाही.

सुकामेवा रात्रीच मिसळला तर सकाळी त्याचा कुरकुरीतपणा गेलेला असतो. पिस्ते आणि अक्रोड खाताना वरून घालावेत; बदाम मात्र वेगळे भिजवून, सोलून, काप करून घातलेले अधिक छान लागतात. अक्रोड घालण्यापूर्वी एक तुकडा चाखून पाहावा, कारण त्यातले तेल उन्हाळ्यात पटकन खवट होते आणि एकच खवट तुकडा सगळ्या वाटीची चव बिघडवतो. अक्रोड आणि चिया दोन्ही घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवावेत.

कोरड्या बिया सजावटीसाठी वरून भुरभुरवून किंवा नुसत्या चमच्याने खाऊ नयेत; त्या अन्ननलिकेत फुगून अडकू शकतात. बियांच्या वजनाचा जवळपास एक तृतीयांश भाग तंतूंचा असल्याने, सवय नसलेल्यांनी अर्ध्या वाटीपासून सुरुवात करावी आणि दिवसभर पुरेसे पाणी प्यावे.

हापूसच्या दिवसांत आमरस घालायचा असेल, तर मात्र तेवढे दूध कमी करावे. फोडी हव्या असतील तर त्या वाटी वाढतानाच घालाव्यात, कारण रात्रभर राहिल्या की त्यांना पाणी सुटते.