वरोआ: आधी मोजा, मग औषध

आटपाडी-जतकडच्या डाळिंबवाल्याला लाल कोळी काय करतो हे सांगावं लागत नाही. मधमाशीच्या अंगावर बसणारा वरोआ हाही कोळीच. पण तो दिसला म्हणून बागेसाठी आणलेलं कोळीनाशक मधपेटीत मारू नका. माश्या मरतात आणि औषधाचा अंश मेणात, मधात उतरतो. दुसरं टोक म्हणजे चुरगळलेल्या पंखांच्या माश्या पेटीसमोर सरपटू लागेपर्यंत गप्प बसणं. पंख बिघडवणारा विषाणू वरोआच पसरवतो, आणि अशा माश्या नजरेस पडतात तेव्हा कोळी फार वाढलेला असतो. म्हणून मोजणी.

पुढचं सगळं मेलिफेराच्या, म्हणजे परदेशातून आणलेल्या पाळीव मधमाशीच्या, पेट्यांसाठी आहे. महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरातली सातेरी ही आपली देशी मधमाशी या कोळ्याला पूर्वीपासून ओळखते. ती एकमेकींच्या अंगावरून कोळी काढून टाकते, आणि तिच्या पेटीत कोळ्याची वीण बहुतेक नरांच्या घरांतच होते. २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ झालेल्या मांघरच्या सातेरीला म्हणूनच उगाच कोळी मारणारं ॲसिड दाखवायची गरज नाही. बाहेरून आलेल्या मेलिफेराला मात्र हा बचाव नीट जमत नाही.

नेमकं काय शोधायचं

वरोआची मादी तांबूस-तपकिरी, चपटी, आडवी लंबगोल. रुंदी साधारण दीड मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांना दिसते. पोळ्यावर भरभर पळणारा, याहून लहान आणि लांबट कोळी दिसला तर तो वरोआ नव्हे, ट्रोपिलेलॅप्स. तो मूळचा आग्या माशीवरचा. पेटीत पिलावा, म्हणजे अंडी-अळ्या-कोष, नसेल तर तो काही दिवसांतच मरतो.

वरोआची मादी अळीचं घर मेणानं बंद होण्याच्या जरा आधी आत शिरते आणि तिथेच अंडी घालते. कामकरी माशीचं घर सुमारे १२ दिवस बंद असतं, नराचं त्याहून दोन-तीन दिवस जास्त. तेवढ्यात आणखी पिल्लं तयार होतात, म्हणून नराच्या घरांवर तिचा डोळा. भर हंगामात निम्म्याहून अधिक कोळी असे झाकणाआड असतात. माश्यांवर दिसतात ते थोडेच.

पिठीसाखरेची चाचणी

रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी घ्या. झाकणाचा मधला भाग कापून तिथे दोन-अडीच मिलिमीटर भोकांची जाळी बसवा: कोळी खाली पडावा, माशी अडावी. पिठीसाखर घरी दळलेली, कोरडी हवी. पावसाळी दमट दिवशी ही चाचणी करूच नका, साखरेच्या गुठळ्या होतात आणि आकडा खोटा येतो.

उघडा पिलावा असलेली फ्रेम (पोळ्याची चौकट) उचला आणि सर्वांत आधी राणी शोधा. राणी त्या फ्रेमवर असेल तर दुसरी घ्या. ही पायरी घाईत गाळायची नाही. मग माश्या घमेल्यात झटका आणि तिथून १२० मिलिलिटरचं माप भरून बरणीत टाका. मेलिफेराच्या साधारण ३०० माश्या होतात. जाळीवरून दोन मोठे चमचे पिठीसाखर टाका, बरणी हळूहळू फिरवा, दोन-तीन मिनिटं सावलीत ठेवा. नंतर बरणी उलटी करून पांढऱ्या ताटात मिनिटभर जोरात हलवा. ताटात थोडं पाणी शिंपडलं की साखर विरघळते आणि कोळी स्पष्ट दिसतात. पांढऱ्या झालेल्या माश्या पेटीत परत सोडा, बाकीच्या त्यांना चाटून स्वच्छ करतात.

मिळालेल्या कोळ्यांना ३ ने भागा, म्हणजे शंभर माश्यांमागे किती ते कळतं. ९ सापडले तर ३ टक्के, आणि तिथे उपचार करायलाच हवेत. साखरेनं सगळे कोळी सुटत नाहीत, म्हणून पेट्या सूर्यफुलावर किंवा डाळिंबावर हलवण्याआधी २ टक्के आले तरी मी थांबणार नाही. एकाच पेटीवरून सगळ्यांचा अंदाज बांधू नका, शेजारच्या दोन पेट्यांत फार फरक असू शकतो.

उपचार

बिनऔषधी उपाय आधी. नरांच्या घरांचं पोळं बंद झालं की कापून काढा. नर अंड्यापासून २४ व्या दिवशी बाहेर येतो. ती तारीख चुकली तर आपणच कोळी पोसलेला असतो.

औषध द्यायचं तर मधाचे सुपर, म्हणजे पेटीवरचे मध साठवायचे मजले, आधी उतरवा. ऑक्झॅलिक ॲसिड झाकणाआड पोचत नाही, म्हणून पिलावा नसताना किंवा अगदी कमी असतानाच ते कामाचं. समभाग साखर-पाण्याच्या १ लिटर पाकात ३५ ग्रॅम ऑक्झॅलिक, माश्यांनी भरलेल्या दोन फ्रेममधल्या प्रत्येक फटीत ५ मिलिलिटर, एका पेटीला जास्तीत जास्त ५०. पुन्हापुन्हा ओतू नका, माश्यांना त्रास होतो.

फॉर्मिक ॲसिडची वाफ बंद घरांतही शिरते. आपल्याकडची रूढ पद्धत अशी: ८५ टक्क्यांचं ५ मिलिलिटर, कापसाची वात घातलेल्या छोट्या बाटलीत, रोज भरून दोन ते तीन आठवडे. पारा ३० अंशांवर गेला की वाफ जास्त निघून राणी आणि पिलावा दगावतो. सांगलीचा उन्हाळा म्हणजे याला साफ नकार, डिसेंबर-जानेवारी बरा. दोन्ही ॲसिडं कातडी आणि डोळे जाळतात. रबरी हातमोजे, चष्मा हवाच, पातळ करताना ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

फ्लुव्हॅलिनेट या कोळीनाशकाच्या, पेटीत टांगायच्या पट्ट्या सोप्या, पण दरवर्षी त्याच लावल्या तर कोळी दाद देईनासा होतो. औषध आलटून पालटून वापरा.

उपचार संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा साखरेची चाचणी. आकडा खाली आला नसेल तर शेजारच्या मधपाळाच्या पेट्याही तपासायला सांगा. कमजोर पेटी लुटायला गेलेल्या माश्या तिथले कोळी घेऊन घरी येतात, तेव्हा आसपासच्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात उपचार केलेले बरे.