व्हीसी आणि नवोन्मेषाचं अर्थशास्त्र, दोन्ही करायचंय? या चुका टाळा

पुण्यात अर्थशास्त्र शिकलेली किंवा इंजिनिअरिंगवर एमबीए केलेली मुलं हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. स्टार्टअपमध्ये पैसे घालणाऱ्या फंडात (म्हणजे व्हेंचर कॅपिटल किंवा व्हीसीमध्ये) काम करायचंय आणि जोडीला नवं तंत्रज्ञान कुठून येतं, त्याला पैसा कोण पुरवतं, याचा अभ्यासही करायचाय. जमेल का?

जमतं. बिल जेनवे यांनी केंब्रिजमधून अर्थशास्त्रात डॉक्टरेट केली, १९८८ साली वॉरबर्ग पिंकस या गुंतवणूक संस्थेत गेले, बीईए सिस्टिम्ससारख्या सॉफ्टवेअर कंपन्यांमागे उभे राहिले आणि नंतर केंब्रिजमध्ये शिकवूही लागले. आपल्याला तर इतकं लांबही जायला नको. गोखले इन्स्टिट्यूटचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ हेच प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते. शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करून अशा जागी कारखाना काढायचा, जिथे तो चालेल याची खात्री कुणीच देत नव्हतं. व्हेंचर कॅपिटल हा शब्द तेव्हा इथे कुणी वापरत नव्हतं, इतकाच काय तो फरक.

अडचण अशी की दोन्ही कामांची मापं वेगळी आहेत. अभ्यासाला शेकडो कंपन्या एकत्र लागतात. गुंतवणूक करताना समोर एकच कंपनी असते आणि शुक्रवारपर्यंत हो की नाही ते सांगायचं असतं. खाली दिलेल्या बहुतेक चुका एकीकडचं माप दुसरीकडे लावल्याने होतात.

जिंकलेल्यांवरूनच धडे घेणं

या धंद्याची पहिली मोठी गोष्ट सगळ्यांना पाठ असते. जॉर्ज डोरिओ यांच्या एआरडी या गुंतवणूक कंपनीने १९५७ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीत ७०,००० डॉलर घातले आणि त्याचे शेकडो पट झाले. गोष्टीचा दुसरा भाग सहसा कुणी सांगत नाही: ही एक गुंतवणूक बाजूला काढली, तर १९४६ पासूनच्या एआरडीच्या सगळ्या वर्षांचा सरासरी परतावा जवळजवळ निम्म्यावर येतो.

पुढेही हेच चित्र दिसतं. कोरिलेशन व्हेंचर्स या अमेरिकी फंडाने २००४ ते २०१३ या काळातले अमेरिकेतले वीस हजारांहून अधिक व्यवहार तपासले. त्यातल्या सुमारे ६५ टक्के व्यवहारांत घातलेले पैसेसुद्धा पूर्ण परत आले नव्हते. दहापट किंवा जास्त देणारे व्यवहार होते साधारण ४ टक्के. तेव्हा यशस्वी संस्थापकांच्या दहा मुलाखती ऐकून 'यशस्वी माणसं हट्टी असतात' असा निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. बुडालेलेही तितकेच हट्टी होते, त्यांच्या मुलाखती कुणी घेतल्या नाहीत.

यावर उपाय पुण्यातच सापडतो. भोसरी, हडपसर, बाणेर भागात बंद पडलेल्या कंपन्यांचे संस्थापक चहावर दोन तास मोकळेपणाने बोलतात. त्यांना विचारणारं कुणी आलेलं नसतं.

नाकारलेल्यांची नोंद न ठेवणं

एकच चूक टाळायची असेल, तर ही टाळा.

छोट्या फंडाकडेसुद्धा वर्षाला शेकडो प्रस्ताव येतात आणि पैसे मिळतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना. ज्यांना पैसे दिले त्यांची फाइल जाडजूड असते. बाकीचे ईमेलच्या ढिगाऱ्यात हरवतात. पाच वर्षांनी 'आपली निवड चांगली आहे का' हा प्रश्न पडला की तुलना कशाशी करायची तेच कळत नाही. अभ्यासकाच्या नजरेने पाहिलं तर फंडाकडची सगळ्यात मौल्यवान माहिती हीच असते आणि नेमकी तीच फेकली जाते. बेसेमर व्हेंचर पार्टनर्स ही जुनी अमेरिकी संस्था आपण सोडून दिलेल्या कंपन्यांची यादी जाहीरपणे छापते. त्यात ॲपल आणि गूगलही आहेत. लोक ती विनोद म्हणून वाचतात, पण यादी ठेवायची शिस्त गंभीर आहे.

साधी एक्सेल शीट पुरते. तारीख, कंपनी, प्रस्ताव कुणाच्या ओळखीने आला, किती रक्कम मागितली, कोणत्या मूल्यांकनावर, नकाराचं कारण, आणि कोणती गोष्ट घडली तर आपलं मत बदलेल. कारणाच्या रकान्यात 'टीम कच्ची' लिहू नका. त्या दोन शब्दांत काहीही खपतं. 'विक्री केलेलं कुणीच नाही, पाचपैकी चार ग्राहक संस्थापकाच्या जुन्या कंपनीतले' असं लिहिलं तर पुढे तपासता येतं. 'मूल्यांकन जास्त' हेही तसंच. किती जास्त, आणि कितीला घेतलं असतं?

मग वर्षातून एकदा ती यादी उघडायची. त्या कंपन्यांचं पुढे काय झालं हे शोधायला महागड्या डेटाबेसची गरज नसते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडी फी भरली की कंपनीने दाखल केलेली कागदपत्रं बघता येतात. पीएएस-३ या फॉर्ममध्ये किती शेअर, कुणाला, काय भावाने दिले ते असतं. एओसी-४ मध्ये ताळेबंद मिळतो. वर्तमानपत्रात 'मोठी गुंतवणूक' म्हणून छापून आलेला आकडा आणि पीएएस-३ मधला आकडा शेजारी ठेवून बघा, करमणूकही होते.

यात पुणेरी अडचण वेगळीच. पाटीवर 'येथे चौकशी करू नये' असं ठणकावून लिहिणारं आपलं शहर, पण फंडातली माणसं नाही म्हणायला लाजतात. 'पुढच्या राउंडला बघू', 'टचमध्ये राहू'. संस्थापक सहा महिने आशेवर राहतो आणि तुमच्या यादीत त्या कंपनीपुढे काहीच लिहिलेलं नसतं. नाही म्हणा, कारण सांगा, तारीख टाका.

एक्सेलवर भाबडा विश्वास

फ्रँक नाइट यांनी १९२१ सालीच जोखीम आणि अनिश्चितता वेगळी केली: पहिलीत शक्यता मोजता येते, दुसरीत मोजायला काही हाताशीच नसतं. सुरुवातीच्या टप्प्यावरची कंपनी दुसऱ्या प्रकारात मोडते. तरीही नवा ॲनालिस्ट सातव्या वर्षाची विक्री दशांश चिन्हापर्यंत मांडतो.

वाहन उद्योगाला सेन्सर विकू पाहणारी पुण्यातली कंपनी घ्या. शीटमध्ये नवव्या महिन्यापासून विक्री सुरू होते. प्रत्यक्षात आधी सॅम्पल जातं, मग चाचण्या, मग ट्रायल लॉट, मग पीपीएपीची (सुटा भाग मंजूर करून घेण्याची) कागदपत्रं, आणि ते सगळं झाल्यावर नव्या मॉडेलची वाट. खरेदी विभागातला माणूस मध्येच बदलला की दोन पावलं मागे. चाकणमध्ये वर्षानुवर्षं पुरवठा करणाऱ्या एखाद्या व्हेंडरला फोन लावला, तर दहा मिनिटांत कळतं की नवव्या महिन्यात कंपनीच्या हातात फार तर ट्रायल लॉटची ऑर्डर असेल. जेनवे यांचा आग्रह असा की अनिश्चिततेपुढे दोनच गोष्टी कामी येतात: हाताशी रोकड आणि परिस्थिती बदलली की दिशा बदलण्याइतकं नियंत्रण. म्हणून अंदाजपत्रकातला विक्रीचा रकाना सोडा आणि एकच विचारा, विक्री दीड वर्ष उशिरा आली तर पगार कशातून?

एक हिशेब मात्र एक्सेलमध्ये जरूर करा. फंड १०० कोटींचा आहे. तुम्ही (तुमचे पैसे धरून) २० कोटींच्या मूल्यांकनावर ४ कोटी घालून २० टक्के हिस्सा घेतला. पुढे गुंतवणुकीचे तीन राउंड झाले आणि दर वेळी २० टक्के हिस्सा नव्यांना गेला. तुमच्याकडे उरले सुमारे १०.२ टक्के. या एका कंपनीतून पूर्ण फंडाइतके पैसे परत यायचे, तर ती साधारण ९७५ कोटींना विकली जायला हवी. समोरची चांगली, नफ्यातली, वर्षाला १५ टक्क्यांनी वाढणारी कंपनी तिथवर जाणार नसेल, तर ती वाईट नाही. तिला बँकेचं कर्ज जास्त शोभेल, आणि हे तिच्या मालकाला सांगणं ही त्याला केलेली मदतच आहे.

सरकारला हिशेबातून वगळणं

फंडात बसल्यावर असं वाटू लागतं की नवं काही घडतं ते आपल्यासारख्यांच्या पैशावर. पुण्यात राहून असं वाटणं जरा अवघडच आहे. अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला आडकाठी केल्यावर सरकारने १९८८ साली इथे सी-डॅक हे संगणक संशोधन केंद्र उभारलं आणि १९९१ साली परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर तयार झाला. १९५० ची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, तिच्या आवारातलं स्टार्टअपना आधार देणारं व्हेंचर सेंटर, पाषाणची आयसर ही विज्ञान संस्था, वेताळ टेकडीवरचं वाहनांच्या चाचण्या करणारं एआरएआय, यांना वजा केलं तर शहरातल्या विज्ञानावर आधारलेल्या स्टार्टअपपैकी किती उरतील? बायरॅक या जैवतंत्रज्ञानासाठीच्या सरकारी संस्थेचं बिग अनुदान ५० लाखांपर्यंत मिळतं. इतक्या कच्च्या टप्प्यावर खासगी फंड सहसा पाऊल टाकत नाही. शिवाय फंडांना लागणारा पैसाही काही प्रमाणात सरकारीच: २०१६ साली सिडबी या लघुउद्योगांसाठीच्या बँकेमार्फत १०,००० कोटींचा निधी फंडांसाठी बाजूला काढला गेला.

याउलट टोकही चूकच. अर्थतज्ज्ञ जॉश लर्नर यांनी अमेरिकी सरकार छोट्या कंपन्यांना संशोधनासाठी देतं त्या एसबीआयआर अनुदानांचा अभ्यास केला तेव्हा अनुदान मिळालेल्या कंपन्या जास्त वाढलेल्या दिसल्या, पण मुख्यतः ज्या भागात आधीच व्हेंचर कॅपिटल भरपूर होतं तिथे. आणि एकाच कंपनीला अनुदानामागून अनुदान मिळाल्याने वाढ काही जास्त झाली नाही. फक्त अनुदानावर जगणाऱ्या कंपन्या आपल्याकडेही ओळखू येतात. प्रमाणपत्रांनी भिंत भरलेली असते आणि ग्राहकाचं नाव विचारलं की विषय बदलतो.

आता हा निष्कर्ष उचलून 'पुण्यातही असंच आहे' म्हणून फंडाच्या गुंतवणूक समितीपुढे ठेवलात, तर तीही चूकच. तो अभ्यास तिथल्या कंपन्यांचा, तिथल्या काळातला. इथे तो फार तर चांगला प्रश्न म्हणून वापरता येईल.

दहा वर्षांचा फंड, चौदा वर्षांची कंपनी

फर्स्टक्राय २०१० साली पुण्यात सुरू झाली आणि शेअर बाजारात आली २०२४ च्या ऑगस्टमध्ये. क्विक हीलने नव्वदच्या दशकात सुरुवात केली, सिकोया या फंडाचे पैसे २०१० साली घेतले आणि आयपीओ २०१६ साली. फंडाची मुदत साधारण आठ-दहा वर्षं असते. सेबीच्या नियमांप्रमाणे मूल्याने दोन तृतीयांश गुंतवणूकदारांनी होकार दिला तर दोन वर्षांपर्यंत वाढते. फंडाच्या सहाव्या वर्षी नव्या औषधाच्या रेणूत पैसे घालायचे असतील, तर बाहेर पडताना आपला हिस्सा कोण विकत घेईल ते आधी ठरवा.

नोकरीबद्दलचे भ्रम

१०० कोटींच्या फंडावर २ टक्के फी म्हणजे वर्षाला २ कोटी. त्यातून पगार, कार्यालय, वकील, ऑडिट, प्रवास. म्हणजे लहान फंडात चार-पाच माणसं आणि बेताचे पगार. नफ्यातला वाटा, ज्याला सगळे कॅरी म्हणतात, तो गुंतवणूकदारांना मुद्दल आणि ठरलेला किमान परतावा मिळाल्यावर, म्हणजे बहुधा फंडाच्या शेवटच्या वर्षांत. घराचा ईएमआय त्यावर ठरवू नका. पुण्यात मुख्यालय असलेले फंड थोडेच, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्या गृहीत धरा.

थेट कॉलेजातून या धंद्यात शिरणं हीही घाई. आधी तीन-चार वर्षं एखाद्या कंपनीत विक्री, उत्पादन किंवा प्रयोगशाळेत काढलेला माणूस संस्थापकाचं बोलणं वेगळ्या कानांनी ऐकतो. स्वतःच्या नावाने फंड काढण्याची स्वप्नं पडत असतील तर सेबीचे २०१२ चे एआयएफ (अशा खासगी फंडांसाठीचे) नियम वाचून काढा: नेहमीच्या योजनेत किमान २० कोटींचा निधी, प्रत्येक गुंतवणूकदाराकडून किमान १ कोटी, आणि मुख्य टीममध्ये एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची परीक्षा उत्तीर्ण झालेलं कुणीतरी.

हितसंबंध लपवणं, किंवा ते आहेत हेच न दिसणं

केनेथ ॲरो यांनी १९६२ साली दाखवलं की माहिती विकणं अवघड असतं: बघितल्याशिवाय तिची किंमत कळत नाही आणि बघितली की विकत घ्यायची गरज उरत नाही. तुमच्यापुढे पिच करणारा प्रत्येक संस्थापक याच पेचात असतो. फंड सहसा गुप्ततेचा करार सही करत नाहीत, तरी तो सगळं उघड करतो, कारण त्याला पैसे हवे असतात. तेच आकडे तुम्ही शोधनिबंधात वापरलेत, नाव काढून का होईना, तर पुण्याएवढ्या गावात कंपनी कोणती ते तीन मिनिटांत ओळखलं जातं. 'पिरंगुट परिसरातली बायोप्लास्टिक कंपनी' म्हटल्यावर आणखी काय सांगायचं बाकी राहिलं?

संशोधनासाठीची परवानगी वेगळी आणि लेखी घ्या, तीही गुंतवणुकीचा निर्णय कळवून झाल्यावर. आधी मागितलीत तर तो नाही कसं म्हणेल? ज्या क्षेत्रावर लिहिताय तिथे फंडाचे पैसे असतील तर लेखाच्या पहिल्या पानावर सांगा, तळटीपेत दडवू नका. आपल्या कंपन्या नमुन्यातून काढून निष्कर्ष पुन्हा तपासा. टिकले नाहीत तर तसं लिहा. आणि फंडात रुजू होतानाच नेमणूकपत्रात कुठली माहिती, किती वर्षांनी, कुणाच्या संमतीने प्रसिद्ध करता येईल याचं कलम घालून घ्या. एचआरला ते विचित्र वाटेल, भागीदारांना विचारून सांगतो म्हणतील. नंतर मागितलं तर बहुतेक वेळा मिळत नाही.