बाहेरून घेतलेला फ्युएल गेज चुकीचा दाखवतो? आधी ओहम बघा

बाईकला नवीन गेज लावला की बऱ्याचदा टाकी फुल असून काटा अर्ध्यावर, नाहीतर चक्क उलटा चालतो. बहुतेक वेळा गेज खराब नसतो, टाकीतल्या सेंडरचा (तरंगणाऱ्या फ्लोटवरून पेट्रोलची पातळी गेजला कळवणारा भाग) रेझिस्टन्स, म्हणजे ओहममध्ये मोजतात तो विद्युत रोध, आणि गेजची रेंज जुळत नाही एवढंच, म्हणून गेज विकत घ्यायच्या आधीच हे करा.

१. सेंडर बाहेर काढा, मोकळ्या हवेत, मल्टीमीटर ओहमवर ठेवून फ्लोट हाताने पूर्ण खाली मग पूर्ण वर करा, दोन्ही आकडे लिहून ठेवा.
२. त्याच रेंजचा गेज घ्या किंवा सेटिंग बदलता येणारा, तो जास्त बरा.
३. सप्लाय इग्निशन ऑन झाल्यावर येणाऱ्या वायरवरून, मधे छोटा फ्यूज. अर्थिंग नीट द्या, काटा नाचतो तो बऱ्याचदा कच्च्या अर्थिंगमुळे.
४. रिकाम्या टाकीत एकेक लिटर टाकत काटा कुठे येतो ते टिपा, टाकीचा आकार वेडावाकडा असतो त्यामुळे अर्धा काटा म्हणजे अर्धी टाकी असं नसतं. रीडिंग गाडी सरळ उभी करूनच घ्या, साइड स्टँडवर नाही.

आणि सेंडरला थेट बॅटरीचे १२ व्होल्ट कधीच देऊ नका, आत पेट्रोलची वाफ असते. सेंडर काढायचं आणि वायरिंगचं काम सुरू करायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेलीच हवी.