पालकसभेला कोणी येत नाही तेव्हा: नव्या शिक्षकांसाठी कामाच्या गोष्टी

जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालात की पहिल्या आठवड्यातच एक वाक्य कानावर पडेल: “इथले पालक काही येत नाहीत.” वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे. सभा किती वाजता ठेवली होती, ते विचारून बघा. बहुधा दुपारी तीनला, ऐन कामाच्या दिवशी. त्या वेळी आई कापूस वेचायला गेलेली असते. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून ती रजिस्टरवर अंगठा उठवायला का येईल? डी.एड., बी.एड.मध्ये ‘शाळा आणि समाज’ हा विषय परीक्षेपुरता होतो. तो खरा शिकायचा तर आधी आपण वस्तीवर जायचं, पालकांना शाळेत बोलावणं नंतर.

वर्गात ४० मुलं असली तरी घरं साधारण ३० भरतात, कारण भावंडं असतात. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, प्रत्येकी तीन घरं, घरटी १५-२० मिनिटं. पाच आठवड्यांत सगळी घरं होतात. सुरुवात सगळ्यांत लांबच्या वस्तीपासून करा. शाळेजवळची घरं काय, येता-जाता होतात. तांडा, पाडा किंवा ओढ्यापलीकडची चार खोपटी मात्र ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणत मार्चपर्यंत राहून जातात.

पहिल्या भेटीत तक्रार करायची नाही, मूल कितीही खोडकर असो. हातात हजेरीपट नको, मुलाची वही न्या आणि त्यात जमलेलं एखादं पान आईला दाखवा. तिला वाचता येत नसेल तर मुलालाच वाचायला सांगा. चार गोष्टी कळून घ्यायच्या: घरात कोणती भाषा बोलतात, शाळेआधी आणि नंतर मूल काय काम करतं, वर्षातले कोणते महिने कुटुंब गावाबाहेर असतं आणि फोन कोणाकडे असतो. समोर वही उघडून लिहू नका. पूर्वी सर्वेक्षणवाले येऊन गेलेले असतात, लोक सावध होतात. बाहेर पडल्यावर टिपून ठेवा.

आणि पाणी दिलं तर प्या. वरकरणी ही बारीक गोष्ट वाटेल, पण दलित वस्तीत किंवा पारध्यांच्या पालावर गुरुजींनी पाणी घेतलं की ‘आत्ताच पिऊन आलो’ म्हणून टाळलं, हे दुसऱ्या दिवशी सगळ्या वस्तीला माहीत असतं. शेजारून खुर्ची मागवू देऊ नका; जे अंथरलं असेल त्यावर बसा.

आता सभेचं. वेळ संध्याकाळी सातनंतरची, जागा वस्तीवरचं मंदिर, समाजमंदिर किंवा अंगणवाडी. आठवडी बाजाराच्या दिवशी अनेक गावांत मजुरीला सुट्टी असते. त्या दिवशी सभा नाही जमली तरी बाजारात पालक भेटतात. विषय दोनच ठेवा आणि ४० मिनिटांत आटपा. व्हॉट्सॲप ग्रुपवर लांबलचक सूचना टाकून ‘कळवलं’ असं समजू नका: घरात एकच फोन, तो बापाच्या खिशात, रिचार्ज संपलेला. त्यापेक्षा अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप, तोही त्यांच्या बोलीत, आणि सोबत मुलांकडून तोंडी निरोप.

शाळा व्यवस्थापन समितीचं गणित कायद्यात स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. म्हणजे १६ जणांत किमान १२ पालक आणि ८ महिला. शिवाय वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. कागदावर हे सगळीकडे जुळतं. बिघडतं ते असं: निवडीची सभा गावठाणात होते, तांड्यावरची सदस्य गैरहजेरीत ‘निवडून’ येते आणि पुढे इतिवृत्ताची वही तिच्या घरी सहीला जाते. उपाय म्हणजे तीनातली एक बैठक तांड्यावर घ्यायची आणि तिथे ठराव मोठ्याने वाचूनच सह्या घ्यायच्या.

बीड, जालना, अहिल्यानगर भागात नेमणूक असेल तर शाळेच्या वेळापत्रकाइतकंच ऊसतोडीचं वेळापत्रक पाठ हवं. पावसाळ्यातच मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्याकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि साधारण मार्च-एप्रिलपर्यंत परततात. यादी सप्टेंबर संपायच्या आत तयार पाहिजे: कोण जाणार, मुलाला नेणार की आजीकडे ठेवणार. गाडी कोणत्या दिवशी येणार हे मुकादमाला नक्की ठाऊक असतं आणि तो बहुतेकदा गावातलाच किंवा शेजारच्या गावातला असतो. आजी-आजोबा सांभाळायला तयार असतील तर समितीत ठराव घेऊन हंगामी वसतिगृहाची (आई-बाप बाहेर असताना गावात राहिलेल्या मुलांच्या सोयीची) मागणी वेळेत पुढे जायला हवी. टोळी गेल्यावर कागद हलवून उपयोग नाही. जी मुलं जाणारच आहेत त्यांना शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं. त्यासोबत मूल काय वाचू शकतं, कोणती क्रिया येते, हे एका कागदावर लिहा आणि टोळीतल्या दोघांचे फोन नंबर घ्या. मोठ्या मुलींकडे विशेष लक्ष ठेवा. कोपीवर (तोडणी मजुरांच्या झोपडीत) धाकटं भावंड सांभाळायला म्हणून त्यांनाच आधी नेलं जातं.

याच मुलांच्या बाबतीत उलट बाजूने, म्हणजे कारखान्याकडच्या शाळेत तुम्ही असाल, तर आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून परत पाठवू नका. दाखल्याला उशीर हे प्रवेश नाकारायचं कारण होऊ शकत नाही, तसंच वयाचा पुरावा नसणंही नाही. भटक्या कुटुंबांकडे जन्मनोंद नसणं ही नेहमीची बाब आहे. वयानुरूप वर्गात घ्या, कागद मागाहून.

भाषेबद्दल नवख्यांची हमखास चूक होते, कारण सगळ्या बोली एकाच मापाने मोजल्या जातात. विदर्भातलं मूल “मले भूक लागली” म्हणतं, खानदेशातलं ‘आहे’ला ‘शे’ म्हणतं. ही मुलं तुमची मराठी समजतात, त्यांच्या वाक्यावर लाल रेघ न ओढता “तुला भूक लागली? मलाही लागली” एवढं म्हटलं तरी प्रमाण रूप कानावर पडतं. पण मेळघाटातली कोरकू ही मुंडा कुळातली, गोंडी आणि कोलामी द्रविड कुळातल्या. पाण्याला कोरकूत ‘डा’, गोंडीत ‘येर’. तिथे मराठी सावकाश आणि मोठ्याने बोलून काही होत नाही. मूल फक्त घाबरतं.

त्यासाठी पहिल्या महिन्यात ६० शब्दांची यादी करा: शरीर, घर, खाणं, जनावरं आणि सूचना (ये, बस, बघ, दे). यादीत पहिलं वाक्य ‘लघवीला जायचंय’ हे हवं. ते मराठीत सांगता न आल्यामुळे पहिलीतलं मूल वर्गातच भिजतं, बाकीचे हसतात आणि ते आठवडाभर येत नाही. शब्द अंगणवाडी सेविका किंवा एखाद्या आजीकडून घ्या, दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या, कारण दोन पाड्यांत उच्चार बदलतो. तुमचे उच्चार मुलांना दुरुस्त करू द्या. एक मात्र टाळा: चौथीतल्या हुशार मुलीला कायमची दुभाषी करू नका. तुमचं काम चालतं, तिचा अभ्यास बुडतो.

जातीचा प्रश्न वर्गात भाषणातून क्वचितच येतो, तो सवयींतून दिसतो. “शिष्यवृत्तीवाले उभे राहा” हे वाक्य अजून कित्येक वर्गांत ऐकू येतं. माहिती दाखल-खारीज रजिस्टरवरून भरा, कमी पडेल ती पालकांना एकट्याने विचारा. आठवडाभर नुसतं बघा: खिचडीच्या पंगतीत कोण कोणाजवळ बसतं, वाढायला कोण असतं आणि झाडू कोणाच्या हातात. रोज त्याच दोन मुली झाडत असतील तर मुलगे धरून पाळी लावा आणि ती फळ्याशेजारी लिहून ठेवा.

आता प्रशिक्षणाचे तास. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास करावा असं म्हटलं आहे. दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावर व्हिडिओ एका बाजूला चालू आणि शिक्षक दुसऱ्या बाजूला माहितीचे तक्ते भरतोय, असेही तास भरतात. त्याचा दोष एकट्या शिक्षकाचा नाही. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मात्र तुम्ही स्वतः एक प्रश्न घेऊन जाऊ शकता, एका पानावर: अडचण, काय करून पाहिलं, काय फसलं. ‘आमच्याकडे गोर (बंजारा) बोली बोलणारी १२ मुलं आहेत, मोठं पुस्तक काढलं की गप्प होतात’ इतकं नेमकं लिहिलंत तर शेजारच्या तांड्यावरचा शिक्षक बोलतो. ‘विविधता’ या विषयावर कोणीच बोलत नाही.

दुसरा फुकटचा उपाय म्हणजे सहकाऱ्याला अर्धा तास मागे बसवा. वर्गाचा नकाशा त्याच्या हातात द्या आणि तुम्ही ज्या मुलाला प्रश्न विचाराल तिथे खूण करायला सांगा. खुणा बहुतेक पुढच्या दोन बाकांवर निघतात. मागे कोण बसलंय ते वस्तीच्या यादीशी ताडून बघा. पंधरा दिवसांनी जागा बदलून पुन्हा तेच करा.

वस्तीभेटींची वही शाळेच्या कपाटात ठेवा. कर्ज, भांडणं, आजार यांसारखी खासगी पानं तेवढी बाजूला काढून. तुमची बदली होईल तेव्हा नव्या माणसाच्या हाती ६० शब्द, टोळीच्या तारखा आणि लांबच्या वस्तीची वाट तरी तयार असेल.